हात पोचत नाही

मोटार विकत घेताना बॉनेट उघडून आत डोकावणारे गिऱ्हाईक आता फारसे उरलेले नाही. मीही डोकावलो नव्हतो. रंग पाहिला, बसायच्या गाद्या दाबून पाहिल्या, डिकीत आंब्याच्या किती पेट्या मावतील याचा अंदाज घेतला, पेट्रोल किती खाते ते विचारले आणि सही केली. घर घेताना दिवाणखाना पाहावा आणि मोरी पाहायची राहून जावी, तशातला प्रकार! माझ्या गाडीची मोरी मला दिसली ती चार वर्षांनी, आणि तीही मसुऱ्यात. गाडीचे नाव सांगत नाही. झाले तरी ती आमच्या घरची लक्ष्मी आहे, आणि घरच्या लक्ष्मीचे उणे छापून आणू नये.

मालवण तालुक्यातले मसुरे हे आमचे गाव. भरतगड डोक्यावर आणि खाडी पायाशी घेऊन, माडांच्या सावलीत पसरलेले. भराडीदेवीच्या जत्रेमुळे जिचे नाव मुंबईत घरोघर पोचले, ती आंगणेवाडी म्हणजे मसुऱ्याचीच एक वाडी. आमची आई इथे एकटी राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले; पण ऑपरेशनचे नाव काढले की म्हणायची, ''आता बघण्यासारख्या काय उरला हा?'' दोन वर्षे अशी गेली. शेवटी एकदाची कबूल झाली. जत्रेचे दिवे यंदा धड पाहायचे, एवढी एकच हौस तिने बोलून दाखवली. अट मात्र घातली : गाडी माझी हवी आणि सोबतीला मीच हवा. परक्याच्या रिक्षातून डोळे फोडून घ्यायला ती जाणार नव्हती.

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगातली तिथी पाहून ठरत नाही. देवीचा कौल घेऊन ठरते. आईने हाच न्याय स्वतःला लावून घेतला होता. जायच्या दिवशी आडकाठी आली नाही तर देवीची इच्छा. आली, तर कौल उलटा. आदल्या वर्षी ऐन वेळी तिला सर्दी झाली होती, आणि तेवढ्या कौलावर तिने मोठ्या समाधानाने सबंध वर्ष काढले होते.

सोमवारी सकाळी कुडाळला पोचायचे होते. मी शनिवारी रात्री मुंबईहून येऊन गाडी खळ्यात लावली. रविवारी पहाटे आईची हाक आली, ''खळ्यात पाणी कोणी सांडला रे?'' तिला ते दिसले नव्हते. पायाला लागले होते. मी जाऊन पाहिले. पाणी नव्हते ते. हिरवे होते.

मिस्त्री आला तो फटफटीवरून, रविवार असूनही. त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर खोरे मागून त्या हिरव्या थारोळ्यावर माती ओढली. ''गोड लागता ह्या. कुत्रो चाटीत नि मरात,'' तो म्हणाला. इंजिन गार ठेवणारे ते पाणी विषारी असते हे मी कुठेतरी वाचले होते. पण आमच्या मोत्याची आठवण मात्र मला झाली नव्हती. त्या घटकेपासून मिस्त्रीवर माझा विश्वास बसला.

मग बॉनेट उघडले. आत मुंगीलाही वाट सापडू नये अशी गर्दी. वरचे प्लॅस्टिकचे झाकण काढले, हवेच्या फिल्टरची पेटी काढली, बॅटरी काढली, बॅटरीखालचे तबक काढले. गाडी अर्धीअधिक खळ्यात मांडून झाल्यावर दुखणे सापडले. इंजिनाच्या पाठीमागे एक रबरी नळी होती आणि तिच्या तोंडाशी बसवलेली लोखंडी पट्टी सैल पडली होती. पट्टीचा स्क्रू दोन आटे फिरवला की काम फत्ते!

पण त्या स्क्रूचे तोंड होते पाठीमागच्या पत्र्याकडे. इंजिन आणि पत्रा यांच्यामध्ये फट जेमतेम चार बोटांची. मिस्त्रीचा हात मनगटापाशी अडकला. माझा हात त्याच्याही अलीकडे. डोळ्यांना दिसेना आणि हाताला लागेना. मिस्त्रीने लांब दांडी लावून गोटी आत सोडली; ती स्क्रूच्या डोक्यावरून घसरली आणि 'टण्' करून कुठेशी गेली. जमिनीवर ती पडलीच नाही. गाडीच्या पोटाखाली जो प्लॅस्टिकचा पत्रा असतो, त्यात ती जाऊन विसावली. मग जॅक आला, खालचा पत्रा उतरवणे आले. गोटी मिळाली, आणि पत्र्याच्या तीन खुंट्या तुटल्या.

मला वडिलांची फियाट आठवली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेल्या त्या मोटारीला पुढे १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे इंजिन उभे, लांबीच्या अंगाने बसवलेले. बॉनेट उघडले की दोन्ही बाजूंनी खालची जमीन दिसे. वडील रविवारी बनियनवर तिची सेवा करीत, आणि मी पान्यांचा डबा धरून उभा राही. अमुक एका ठिकाणी हात पोचत नाही, असे ते कधी म्हणाल्याचे मला स्मरत नाही.

मग मोटारींच्या पोटात ही गर्दी झाली कशी? याचे बरेचसे पुण्य एका हुशार माणसाच्या पदरात जाते. १९५६ साली सुएझच्या भानगडीत इंग्लंडात पेट्रोल महाग झाले आणि लहान गाड्यांची निकड भासू लागली. तेव्हा ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने इंजिन उचलून आडवे ठेवले आणि पुढची चाके त्याच्या दावणीला बांधली. त्याची 'मिनी' १९५९ साली रस्त्यावर आली. लांबी अवघी दहा फूट, पण आत चार माणसे ऐसपैस! माणसांना जागा मिळाली ती यंत्राची काढून घेऊन. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिचेही इंजिन आडवेच. पुढे त्याच खोलीत गारव्याचे यंत्र आले, सुकाणू हलके करणारे यंत्र आले, धुराचे सोवळे पाळणारी उपकरणे आली. खोली तेवढीच, बिऱ्हाडकरू वाढले. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या मला हे कळायला हवे होते.

''पण स्क्रूचे तोंड भिंतीकडे का?'' मी चिडून विचारले.

मिस्त्री हसला. ''कारखान्यात इंजिन भायर बसवन सगळा जोडतत. मगे गाडीत घालतत. तेंका खय भिंत आसता?''

खरेच की! बांधणाऱ्याला जे समोर असते ते दुरुस्त करणाऱ्याला पाठीमागे पडते. दोघांची गाठ कधी पडतच नाही. पडली असती, तर तो स्क्रू खात्रीने फिरला असता.

उपाय आता एकच उरला होता. इंजिनाच्या डोक्यावरची हवेची नळकांडी उतरवायची, म्हणजे वाट मोकळी होईल. पण ती पुन्हा बसवायची तर नवीन पॅकिंग हवे. ते कणकवलीला मिळेल, आणि रविवारी दुकान बंद. म्हणजे मंगळवारवर गेले. पाणी भरत भरत हळूहळू न्यावी का, असे मी विचारले. मिस्त्रीने हात जोडले. ''वाटेत उकळली तर इंजिनाचा हेड जायत.''

मी पडवीकडे पाहिले. आई जात्याशेजारी बसून सगळे ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आदल्या वर्षीचे समाधान उमटू लागले होते. कौल मिळाला होता! मला आतून तुटल्यासारखे झाले. या वेळी हुकले तर ती पुन्हा कबूल होणार नव्हती, आणि पिकलेला मोतीबिंदू किती दिवस थांबेल?

चहाचे पेले घेऊन ती भिंतीच्या आधाराने खळ्यात आली. मिस्त्री म्हणाला, ''हात कसो तरी जायत काकी, पण आत दिसणा नाय.''

आई क्षणभर थांबली. मग पेले खाली ठेवून म्हणाली, ''माका तरी खय दिसता रे झिला? खय हात घालूचो, सांग.''

मी काही बोलायच्या आत तिने बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. दोन वर्षे ती मीठ, मिरची, काडेपेटी, तुळशीची पणती सगळे चाचपूनच ओळखत होती. तिचा वाळलेला, चिंचोळा हात त्या फटीत सहज उतरला. मिस्त्री सांगत गेला : नळी लागली का? तिच्यावरची पट्टी? आता पट्टीवरून बोट फिरवा. ''ह्या बारीक बोंडासारख्या काय आसा?'' आईने विचारले. तोच तो स्क्रू! मिस्त्रीने वरून दांडी सोडली, आईने खाली बोटांनी गोटी धरून बोंडावर बसवली आणि म्हणाली, ''फिरव.'' पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदाही घसरली. तिसऱ्यांदा बसली. एक आटा, दोन आटे. हात बाहेर आला तेव्हा मनगटाला ओरखडा आणि कोपरापर्यंत काळे वंगण.

पाणी भरले, इंजिन अर्धा तास चालू ठेवले. खाली एक थेंब नाही.

मिस्त्री पैसे घेईना. ''काम काकीन केला,'' म्हणाला. मी ते जबरदस्तीने त्याच्या खिशात घातले.

रात्री आईच्या मनगटाला हळद लावताना मी विचारले, ''तुला नाहीतरी जायचे नव्हते. मग कशाला हात घातलास?''

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ''तुझो आवाज ऐकलंय. लहानपणी रडूक येऊच्या आधी असोच व्हयचो.'' थोड्या वेळाने हळूच पुढे म्हणाली, ''माका भय वाटता रे.'' दोन वर्षांचा कौल तो एवढाच होता, आणि चार बोटांच्या फटीइतक्या अंतरावर राहूनही माझा हात तिथवर कधी पोचला नव्हता.

ऑपरेशन नीट झाले. पुढे दुसऱ्या डोळ्याचेही झाले, आणि जत्रेचे दिवे तिने पोटभर पाहिले. मुंबईला निघायच्या सकाळी पाणी तपासायला मी बॉनेट उघडले, तर ती शेजारी येऊन उभी राहिली. तारा, नळ्या, पट्टे, वंगण, सगळे तिने डोळे भरून पाहिले आणि दोन पावले मागे सरली.

''बरा झाला तेवा माका दिसत नव्हता,'' ती म्हणाली. ''दिसला असता तर ह्यात हात कोण घालतलो?''