जुन्या मोटारीच्या चाकावर नवीं बटणें

मोटारींत गाणें ऐकणें ही कांहीं कालपरवांची चैन नव्हे. अमेरिकेंत पॉल गॅल्व्हिन यांनीं 1930 सालीं मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला, तेव्हांपासून प्रवास आणि संगीत यांची सोबत चालत आली आहे. आतां पुष्कळ नव्या मोटारींत आवाज कमीजास्त करण्याचीं बटणें स्टिअरिंगच्या चाकावरच असतात. जुन्या मोटारींत तीं मागाहून बसवावींत काय, असा प्रश्न अनेक घरांत निघतो. आमच्याही घरीं तो निघाला.

आमची मोटार 2013 सालची. मातोश्रींना डोळ्यांच्या उपचारांसाठीं महिन्याकांठीं पुण्याहून मुंबईस न्यावें लागतें. वाटेंत त्यांना अभंग हवे असतात, आणि बोलावेंसें वाटलें कीं आवाज हळू हवा असतो. दर वेळीं आमचा हात चाकावरून उठे आणि नजर खालीं वळे. ताशीं 80 किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत 22 मीटर धांवते. म्हणजे दोन सेकंद नजर ढळली, तर 44 मीटर रस्ता न पाहतांच मागें पडतो. हा हिशेब मांडल्यावर आम्हीं बटणें बसविण्याचें मनावर घेतलें.

यांतील विद्या तशी सोपी आहे. बहुतेक मोटारींत प्रत्येक बटणामागें निरनिराळ्या मूल्याचा रेझिस्टर असतो. बटण दाबतांच तारेंतील विजेचा दाब ठराविक प्रमाणांत बदलतो आणि त्यावरून कोणतें बटण दाबलें हें संगीतयंत्र ओळखतें. बाजारांतील पुष्कळ यंत्रांना ही ओळख एकेक बटण दाबून शिकवितां येते. खरी अडचण निराळीच आहे. चाक फिरतें, मग तारा तुटत नाहींत त्या कशा? तर चाकामागें सपाट फितीची एक गुंडाळी असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. हॉर्नची व एअरबॅगची वीज तिच्यांतूनच जाते. स्वस्त प्रकारांतील गुंडाळींत बटणांच्या तारा बहुधा नसतात. मग ती सबंध बदलावी लागते. नवी गुंडाळी बरोबर मध्यावर न बसविली, तर चाक पुरतें वळतांच फीत तुटते आणि अपघातसमयीं एअरबॅग उघडत नाहीं.

एका दुकानांतील कारागिराला आम्हीं हें विचारलें. तो हंसून म्हणाला, "काका, एअरबॅगचा दिवा पेटलाच तर तो बंद करून देतों. कुणाला कळणार आहे?" कुणाला कळणार नाहीं, हीच तर भीति! मातोश्री शेजारीं बसणार, आणि दिवा मात्र सर्व ठीक असल्याची खोटी ग्वाही देणार. आम्ही त्यास नमस्कार करून परतलों.

पुढें माहितगार कारागीर मिळाला. त्यानें चाकें सरळ केलीं, बॅटरीची ऋण तार सोडविली, कांहीं वेळ थांबूनच एअरबॅगला हात लावला, आणि आमच्याच मोटारीच्या वरच्या प्रकारांतील गुंडाळी व बटणें बसविलीं. मोटार सुरू होतांच एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला. तो तसा लागून विझणें हीच प्रकृति ठीक असल्याची खूण होय.

ज्यांना असा कारागीर लाभणार नाहीं, त्यांनीं चाकाला बाहेरून बांधावयाचीं बिनतारी बटणें घ्यावींत. तीं दिसावयास बेंगरूळ असतात, पण एअरबॅगला धक्का लावीत नाहींत. सोय घरांत आणतांना ती कशाच्या मोबदल्यांत येत आहे, हें गृहस्थानें आधीं पाहावें.