लिंकचा हिरवा अंगरखा

‘झेल्डा’ हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? ज्यांनी ऐकलंय त्यांना आधी एक गुगली टाकते. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेममध्ये हिरवा अंगरखा आणि टोकदार टोपी घालून, हातात ढाल-तलवार घेऊन फिरणाऱ्या त्या मुलाचं नाव काय? झेल्डा? साफ चूक! त्याचं नाव लिंक. झेल्डा ही राजकन्या. तिच्या राज्यावर संकट येतं आणि लिंक धावून जातो. गोष्ट एवढीच. पण या एवढ्याशा गोष्टीवर जगभरची माणसं गेली कित्येक वर्षं तावातावाने भांडत आली आहेत, आणि त्यातलं एक भांडण चक्क आमच्या घरातही झालं!

हा गेम जपानमध्ये २१ फेब्रुवारी १९८६ रोजी आला. तेव्हा तुमचे आईबाबा फार तर शाळेत जात असतील, किंवा जन्मालाही आले नसतील. तो तयार केला क्योटो शहरातल्या निन्टेन्डो कंपनीने. ही कंपनी १८८९ साली सुरू झाली ती पत्ते बनवण्यासाठी, बरं का! गेमचे जनक शिगेरू मियामोतो. त्यांचं लहानपण क्योटोजवळच्या सोनोबे या गावात गेलं. रानात भटकावं, एखादी गुहा दिसली की दिवा घेऊन आत शिरावं, हा त्यांचा उद्योग. पुढे काय आहे ते कुणी सांगायचं नाही, आपणच शोधायचं, ही गंमत त्यांना गेममध्ये आणायची होती. म्हणून पहिल्या झेल्डात खेळ सुरू झाल्यावर कुणी तुमचं बोट धरत नाही. समोर एक गुहा दिसते. आत गेलात तर एक म्हातारा तलवार देतो. नाही गेलात तर तुमची मर्जी!

पुढे मात्र या खेळाचा एक साचा बसत गेला. एक मोठं भुयार असायचं. त्यात खोल्याच खोल्या. कुठे नकाशा, कुठे किल्ली, कुठे होकायंत्र. मध्येच एक नवं हत्यार मिळायचं, धनुष्य किंवा बूमरँग. त्या हत्याराने भुयारातली कोडी सुटायची आणि शेवटच्या राक्षसाला हरवण्याची युक्तीही त्यातच दडलेली असायची. एक भुयार संपलं की पुढचं. दिवाळीला चकली-करंजी हवीच, तसा झेल्डा म्हटला की हा सगळा फराळ हवाच!

आमच्या नाशिकच्या घरात हा फराळ आला १९९९ च्या उन्हाळ्यात. मामेभाऊ अमेरिकेहून येताना निन्टेन्डो ६४ हे यंत्र आणि ‘ऑकारिना ऑफ टाइम’ हा झेल्डा घेऊन आला. तो १९९८ च्या नोव्हेंबरात निघालेला, मालिकेतला पहिलाच त्रिमिती खेळ. माझा दादा तेव्हा दहावीच्या सुट्टीत होता आणि मी सातवीत. दादा खेळणार आणि मी शेजारी बसून ‘तिकडे बघ, तिकडे बघ’ म्हणणार, अशी वाटणी होती. मध्येच वीज गेली की शेवटचं ‘सेव्ह’ केल्यानंतरचं सगळं पाण्यात. मग पुन्हा पहिल्यापासून!

त्या गेममध्ये पाण्याचं एक मंदिर आहे. ज्यांनी ते खेळलंय ते आत्ता हसले असतील. त्यात ठरावीक ठिकाणी एक सूर वाजवून पाण्याची पातळी वर-खाली करायची. पातळ्या तीन. पाणी वर असताना एक दार सापडतं, खाली असताना दुसरंच. तळाशी चालायचं तर पायांत लोखंडी बूट चढवायचे, वर यायचं तर काढायचे. आम्ही पार मेटाकुटीला आलो. शेवटी दादाने गणिताची चौकटींची वही काढली आणि तीन रंगांच्या खडूंनी तीन पातळ्यांचे नकाशे काढले. चार दिवसांनी ते मंदिर सुटलं, तेव्हा आम्ही असे ओरडलो की शेजारच्या काकू धावत आल्या. ती वही दादाने अजून जपून ठेवली आहे.

दादासारखे लाखो खेळाडू जगभर होते. त्यांना वाटायचं, झेल्डा हा असाच असतो आणि असाच असावा. निन्टेन्डोला मात्र दर थोड्या वर्षांनी काहीतरी बदलायची हुक्की यायची, आणि बदल झाला की हलकल्लोळ ठरलेला.

सगळ्यात गाजलेला हलकल्लोळ २००१ सालचा. त्याच्या आदल्या वर्षी कंपनीने एका प्रदर्शनात एक छोटी चित्रफीत दाखवली होती. त्यात लिंक अगदी खऱ्या माणसासारखा दिसत होता. लोक हरखून गेले. पुढच्या वर्षी प्रत्यक्ष नवा गेम दाखवला, तर काय? लिंक चक्क कार्टून! मोठं डोकं, बटाट्याएवढे डोळे. ‘आम्ही मोठे झालो आणि तुम्ही आम्हाला बाळांचा खेळ देता?’ असं म्हणत चाहते संतापले. हा गेम म्हणजे ‘द विंड वेकर’. तो जपानमध्ये डिसेंबर २००२ मध्ये आला आणि ‘ऑकारिना’पेक्षा कमी खपला. मग २००४ साली लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात कंपनीने पुन्हा खऱ्यासारखा दिसणारा लिंक दाखवला. टाळ्या-आरोळ्यांनी सभागृह दणाणलं, आणि खुद्द मियामोतो ढाल-तलवार घेऊन मंचावर आले!

पण गंमत पुढेच आहे. वर्षं गेली तशी ‘खऱ्यासारखी’ दिसणारी जुनी चित्रं जुनाट वाटू लागली. त्या कार्टून लिंकचा निळा समुद्र मात्र तसाच ताजा राहिला. २०१३ मध्ये तोच गेम नव्याने झळाळी देऊन पुन्हा काढला, तेव्हा तो मालिकेतला सर्वांत देखणा गेम आहे असं म्हणणारे कितीतरी जण निघाले.

त्याच वर्षी, २०१३ च्या जानेवारीत, मालिकेचे निर्माते एजी आओनुमा यांनी जाहीर केलं, की झेल्डात जे जे ‘असंच असतं’ म्हणून धरून चाललोय, त्याचा आम्ही नव्याने विचार करणार आहोत. हे आओनुमा कोण? तर ‘ऑकारिना’तल्या भुयारांची आखणी करणारे! म्हणजे ज्या साच्यासाठी दादा जीव टाकत होता, तो घडवणाराच आता तो मोडायला निघाला होता.

३ मार्च २०१७ रोजी ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला आणि साचा खरोखरच मोडला. शंभर वर्षं झोपलेला लिंक जागा होतो, त्याला काहीच आठवत नाही. थोडं शिकवून झालं, की अख्खं राज्य मोकळं! हवं तर सरळ शेवटच्या शत्रूच्या किल्ल्यात जा. दिसेल तो डोंगर चढा (पाऊस आला की पाय घसरतो). गवत पेटवा, वर जाणारा गरम वारा तुम्हाला उचलेल. विजा कडाडत असताना लोखंडी तलवार बाळगलीत, तर वीज तुमच्यावरच पडेल. मोठी भुयारं गेली. त्याऐवजी रानावनात १२० छोटी ‘श्राइन’ आली. आपल्याकडे माळावर घुमटी असते ना, तशी. आत एखाद-दुसरं कोडं. आणि तलवारी? त्या चार-दोन मारामाऱ्यांत मोडायच्या!

जग खूश झालं. त्या गेमच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या, इतका या मालिकेतला कुठलाच गेम खपला नव्हता. पण जुन्या चाहत्यांपैकी बरेच जण हिरमुसले. भुयारं कुठे गेली? ते दणदणीत संगीत कुठे गेलं? मोडणारी तलवार ही काय तलवार झाली? आणि लिंकच्या अंगात निळा अंगरखा का?

आमच्या दादाचंही तेच. सिंगापूरहून येताना त्याने हौसेने हा गेम आणला. एक संध्याकाळ खेळला आणि कंट्रोलर खाली ठेवला. मी विचारलं, “आवडला नाही?” तर म्हणाला, “चांगला आहे गं. पण हा खेळ मला ओळखतच नाही.”

मला ते वाक्य लागलं. उन्हाळाभर घाम गाळून तुम्ही एक भाषा शिकावी आणि पुन्हा त्या गावी जावं, तर तिथे ती भाषा कुणी बोलतच नाही! चिडणारे चाहते नुसते हटवादी नसतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी त्या खेळाला आपल्या वयाची काही वर्षं दिलेली असतात.

मग तो गेम दादाच्या लेकीने, म्हणजे माझ्या पुतणीने, ताब्यात घेतला. २०२० च्या टाळेबंदीत मी त्यांच्याकडेच अडकले होते, त्यामुळे सगळा तमाशा जवळून पाहिला. ही बया राज्य वाचवायचं सोडून डोंगर चढायची, सफरचंदं भाजायची, घोडे पकडायची. एकदा एका घुमटीत ती अडली. विजेचा प्रवाह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा होता. दादा जाता जाता थांबला. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “तो लोखंडी ठोकळा हलव. आधी डावीकडे.” पण त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच पुतणीने आपल्या पिशवीतल्या लोखंडी तलवारी काढून जमिनीवर ओळीने टाकल्या. वीज त्यांतून पार! दार उघडलं.

“अगं, असं नसतं करायचं!” दादा ओरडला.

“पण उघडलं ना बाबा?”

“कोडं घालणाऱ्याने एक उत्तर लपवलेलं असतं. ते शोधायचं. त्यातच तर मजा असते.”

“मग हे उत्तर मी बनवलं. त्यात नाही का मजा?”

त्या भांडणात मला दोघांचंही पटलं, आणि अजूनही पटतं. दादाची मजा म्हणजे दूर जपानमध्ये बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यात काय आहे ते ओळखणं. पुतणीची मजा म्हणजे त्या माणसाच्या डोक्यात नसेल ते सुचणं. एकाला कुलूप आवडतं, दुसरीला खिडकी.

पण त्या दिवसापासून एक झालं. घुमटी लागली की पुतणी हाक मारायची, “बाबा, तुझं गिऱ्हाईक आलंय!” डोंगर ती चढायची, कोडी दादा सोडवायचा. त्याच्या उत्तराने दार उघडलं, की ती आपलं वेगळं उत्तर करून दाखवायची. दादा कपाळाला हात लावायचा. पावसाळा सरला, दिवाळी झाली. १२० घुमट्या पुऱ्या झाल्या तेव्हा गेमने बक्षीस दिलं, तर काय निघालं त्यात? हिरवा अंगरखा! जुन्या लिंकचा. कर्त्यांनी तो टाकून दिला नव्हता, कोपरा न् कोपरा हिंडून आलेल्यांसाठी राखून ठेवला होता. दादा काही बोलला नाही. पण रात्री त्याने ती चौकटींची वही लेकीला दाखवली, तीन रंगांचं पाण्याचं मंदिर. ती म्हणाली, “हे मला खेळायचंय.”

आता दादाला नवा गेम आवडू लागला का? छे! मोठ्या भुयाराची सर घुमटीला नाही, हे तो आजही ठणकावून सांगतो.

मला आणखी एक गोष्ट सांगायचीय. हा नवा गेम बनवताना कर्त्यांनी आधी एक चाचणीचा नमुना केला होता. तो होता सपाट, १९८६ च्या पहिल्या झेल्डासारखा! आपल्या नव्या कल्पना त्यांनी आधी त्या जुन्या चौकटीत खेळून पाहिल्या. जो ‘मूळ’ झेल्डा हरवला म्हणून दादासारखे चाहते हळहळत होते, तो मधल्या काळात तयार झालेला साचा होता. त्याच्याही मागे, मियामोतोंच्या गुहेपाशी कर्ते परत गेले होते. आणि ते जुन्या चाहत्यांना विसरलेही नाहीत. मे २०२३ मध्ये ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ आला, त्यात वारा, अग्नी, पाणी आणि वीज यांची मंदिरं होती. तलवारी मात्र तेव्हाही मोडत होत्या! सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘एकोज ऑफ विस्डम’मध्ये तर खुद्द झेल्डाच नायिका झाली. भुयारं होती, पण कोडी पुतणीच्या पद्धतीने, हवी तशी सोडवा!

क्रिकेटचंही असंच नाही का? १९८३ चा विश्वचषक आपण जिंकला तो ६० षटकांचा होता, आणि २००७ चा २० षटकांचा. दोन्हींवर जीव टाकणारी माणसं एकाच सोफ्यावर बसलेली असतात.

तेव्हा बालदोस्तांनो, घरातलं कुणी मोठं माणूस ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणालं, की डोळे फिरवू नका. ‘मग कसं होतं?’ असं विचारा आणि मांडी घालून बसा. आणि आईबाबांनो, तुमच्या हातात कुणी कंट्रोलर दिला, तर ‘मला नाही जमत’ म्हणून परत करू नका. एखादं कोडं नेमकं तुमच्यासाठीच अडलेलं असेल!