अधिकाचे तीन आठवडे

झाडं सूर्यावर चालतात आणि आपले सण चंद्रावर. चिंचवडात राहणाऱ्या माणसाचं यानं एरवी काही अडत नाही. पण लेक कॅनडात असली, तिच्या शहरातली पानं ऑक्टोबरात लाल होत असली आणि त्याच दिवसांत आपल्या घरी घट बसत असले, की या दोन चालींमधलं अंतर मोजायला बसावं लागतं. आम्ही दोघं ते बरीच वर्षं मोजत आलो आहोत.

लेक किंग्स्टनला असते. ओंटारिओ सरोवर जिथं संपतं आणि सेंट लॉरेन्स नदी जिथं सुरू होते, नेमकं त्या टोकावर हे शहर आहे. २०२१च्या जनगणनेत तिथं १,३२,४८५ माणसं होती. आमच्या पिंपरी-चिंचवडात २०११ सालीच सतरा लाखांहून अधिक होती, आणि त्यानंतर वाकड, रावेत, मोशी कशी वाढली ते सगळ्यांनी पाहिलंच आहे. लेक तिथल्या शांततेबद्दल बोलते तेव्हा मला जुनं चिंचवड आठवतं. मी टूलरूममध्ये ॲप्रेंटिस लागलो तेव्हा इथं नगरपालिकाच होती, महानगरपालिका १९८२ साली झाली. सेकंड शिफ्ट सुटल्यावर सायकलनं परतताना पवनेकाठी मोरया गोसावींच्या मंदिराशी पाण्याचा आवाज यायचा. तिचं गाव मी अजून पाहिलेलं नाही, तरी ते साधारण तेवढंच असेल, माणूस माणसाला ओळखत असेल, असं मी मनाशी धरून चाललो आहे.

दर ऑक्टोबरात तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून निघून रस्त्यावरच्या एका झाडावर जातो. "बाबा, बघा." ते झाड शुगर मेपलचं. आठवडाभरापूर्वी हिरवं असलेलं ते झाड आता शेंड्याकडून पेटत आलेलं असतं. ती फार बोलत नाही, नुसता फोन धरून उभी राहते. सुरुवातीला मला वाटायचं की ती आम्हाला झाड दाखवते आहे. पुढं कळलं, ते पाहताना शेजारी कुणीतरी आपलं असावं, एवढंच तिला हवं आहे. ती इकडं येते ती डिसेंबरात, तिच्या विद्यापीठाला सुट्टी लागली की. तोवर तिथली झाडं उघडी झालेली असतात आणि इथली दसरा-दिवाळीही होऊन गेलेली असते. तिला आमचा शरद मिळत नाही, आम्हाला तिचा.

हे लाल होणं काय असतं, ते मी नीट समजून घेतलं. यंत्रावर काम केलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट आतून कशी चालते हे कळल्याशिवाय तिचा पुरता आनंद होत नाही. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार झाल्या, की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं तेवढं परत आत ओढून घेतं. हिरवा रंग उतरला की त्याच्याखाली पहिल्यापासून असलेला पिवळा वर येतो. तांबड्याचं तसं नाही. तो पानात आधी नसतो. पान निरोपाला आल्यावर, उरल्यासुरल्या साखरेतून, झाड तो नव्यानं तयार करतं. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि न गोठवणाऱ्या गार रात्री लागोपाठ मिळाल्या तर तो खुलतो, ढगाळ पावसाळी हवा राहिली तर फिका पडतो. मग देठाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि पान सुटतं. जाणाऱ्या पानासाठी झाडानं नवा रंग करावा, हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

आणि मग ध्यानात आलं, हाच रंग आपल्याकडंही आहे, फक्त दुसऱ्या टोकाला. मावळात फाल्गुन-चैत्रात कुसुंबाला नवी पालवी येते ती अशीच लालभडक असते. पिंपळाचं कोवळं पान तांबूस असतं. आपल्या डोंगरात पानं जन्मताना लाल होतात, तिच्याकडं गळताना. द्रव्य एकाच जातीचं. हे मी लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही याच. तुम्ही एक बाजू पाहिली आहे."

एवढं असूनही इतकी वर्षं गेलो का नाही? कारण दसरा. बाहेरच्या माणसाला हे कारण किरकोळ वाटेल, पण ज्यानं पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात आयुष्य काढलं त्याला ते पटेल. वर्षभर ज्या यंत्राला आपण तेल, चिप्स आणि कूलंटच्या वासात पाहतो, ते खंडेनवमीला पुसून लख्ख होतं. लेथच्या चकला झेंडूचा हार, सरफेस प्लेटवर हळद-कुंकू, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर लाल कापडावर मांडलेले. शॉपमधला आवाज त्या दिवशी बंद असतो, आणि तो बंद झाल्यावरच कळतं की आपण वर्षभर किती मोठ्यानं बोलत होतो. मी निवृत्त झालो तरी भोसरीत एका जुन्या सहकाऱ्याचं वर्कशॉप आहे, तिथं पूजेला जातो. त्याच्याकडची पोरं बिहार-उत्तर प्रदेशातली, मराठवाड्यातली. नारळ कुणी फोडायचा यावरून त्यांची प्रेमळ ओढाताण चालते. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन शेजारी येतात, धाकटी वाकून नमस्कार करतात. हे सोडून मी कुठं जाणार होतो?

२०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला. किंग्स्टनच्या आसपास पानांचा बहर साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे दोन्ही वर्षी टक्कर. २०२७ साली दसरा ९ तारखेला येतो, तेव्हाही तेच होईल. पण यंदा अधिक ज्येष्ठ आला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५चं. दरवर्षी पडणारा अकरा दिवसांचा तुटवडा साठत जातो आणि सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक आख्खा महिना घालून भरून काढला जातो. यंदा तो १७ मे ते १५ जून असा आला आणि नंतरचे सगळे सण पुढं सरकले. गणपती १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ला, घटस्थापना थेट ११ ऑक्टोबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला.

स्वयंपाकघराच्या दारामागं लटकणाऱ्या कालनिर्णयावर हे बायकोनंच प्रथम पाहिलं. ती चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, विसर्जन आणि दसरा यांच्यातली जागा यंदा पानांच्या दिवसांत आली आहे." मी चष्मा लावून पाहिलं. खरंच आली होती. दोन भाग एकमेकांत बसवताना आम्ही मुद्दाम ठेवायचो तसा क्लिअरन्स कालगणनेनं आपणहून सोडला होता, आणि मेपलचं पान सूर्याच्या हिशेबानं बरोबर त्याच्या मध्यावर लाल होणार होतं. २७ सप्टेंबरला निघायचं, १८ ऑक्टोबरला घरी यायचं. जुन्या लोकांनी महिन्याचं गणित बसवताना चिंचवडच्या एका बापाचा विचार केलेला नसणार हे मला समजतं. तरी मी त्यांना मनोमन हात जोडले.

अडचण एकच, हा काळ पितृपक्षाचा. २७ सप्टेंबरला पितृपक्ष लागतो. "पक्षात कुणी प्रवासाला निघतं का?" असं मेहुणीनं विचारलं. बायकोनं शांतपणे उत्तर दिलं की लेकीकडं जाणं हे काही नवं कार्य नाही, ते कधीपासूनचं राहिलेलं आहे. माझ्या वडिलांची तिथी मात्र त्याच पंधरवड्यात येते. आमचं मूळ गाव चाकणजवळचं. वडिलांनी उभा जन्म तिथं कांदा केला, चाकणच्या बाजारात नेला. पुढं त्या जमिनीचा मोठा भाग एमआयडीसीत गेला आणि जिथं कांद्याच्या पाती डोलायच्या तिथून आता गाड्यांचे सुटे भाग भरलेले कंटेनर निघतात. धाकटा भाऊ अजून गावात राहतो, तिथीचं तो करेल. पण मी सर्वपित्री अमावस्या राखून ठेवली आहे. ती १० ऑक्टोबरला आहे, शनिवारी, आणि तेव्हा आम्ही किंग्स्टनला असू. लेकीला सांगून ठेवलंय की त्या सकाळी भात, वरण, खीर, भाजी आणि वडे कर, पान वाढून सरोवराकाठी नेऊ. वडील तळेगाव-चाकण रस्त्यापलीकडं फारसे कधी गेले नाहीत. नात कुठं राहते, तिच्याकडं कसलं पाणी आहे, हे त्यांनाही कळू दे.

त्यानंतरचा दिवस घटस्थापनेचा आणि त्याच्या पुढचा सोमवार, १२ ऑक्टोबर, तिथल्या थँक्सगिव्हिंगचा. कॅनडात तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, पीक घरात आल्याचा सण. अमावस्या, घट आणि त्यांचा सुगीचा सण असे तीन दिवस यंदा ओळीनं आले आहेत. लेक तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत परडी ठेवून नऊ धान्यं पेरणार आहे. माती तिथलीच घ्यायची, कारण माती, बिया, ताजी पानं इथून न्यायला मनाई किंवा कडक अटी आहेत आणि खाण्याचं जे नेऊ ते सगळं विमानतळावर जाहीर करायचं आहे. म्हणून आपट्याची पानंही नेता येणार नाहीत. बायकोचं सगळं लक्ष मात्र अनारशांवर आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि जावई साता समुद्रापार. तिनं अधिकातच त्याच्या नावानं वाण देवापुढं ठेवलं, आणि सप्टेंबरात पुन्हा ताजे करून नेणार म्हणते. दुबईमार्गे जायचं तर खसखस बरोबर नेता येत नाही. म्हणून या खेपेस अनारसे तिळावर थापायचे ठरलं. पहिला घाणा करून पाहिला. चांगले झाले. तूप थोडं अधिक सोडतात.

मला स्वतःला तिथं जे पाहायचं आहे ते पानांपेक्षा निराळं आहे, आणि त्याचा शोध मला ही तयारी करतानाच लागला. किंग्स्टनला सरोवराकाठी वाफेच्या इंजिनांचा मोठा कारखाना होता, कॅनेडियन लोकोमोटिव्ह कंपनी. १९६९ साली तो बंद पडला. या कारखान्यानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरही आपल्या रेल्वेसाठी इंजिनं बांधली. फुगीर गोल नाकाची, नाकावर चांदणी असलेली डब्ल्यूपी वर्गाची इंजिनं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यातली काही तिथून आली होती. लहानपणी मी ज्याच्या धुरात उभा राहिलो, तो लोखंडाचा देह माझ्या लेकीच्या शहरात घडलेला असू शकतो! तिथल्या सिटी हॉलसमोरच्या बागेत त्या कारखान्यात १९१३ साली बांधलेलं १०९५ क्रमांकाचं इंजिन जपून ठेवलं आहे. मी लेकीला त्याचा फोटो मागितला. तिनं पाठवला आणि लिहिलं की ती रोज त्याच्यावरून जाते, पण थांबली कधी नव्हती. आकुर्डीत बजाजचं उत्पादन २००७ साली थांबलं तेव्हा इथल्या घराघरांत काय वाटलं ते मी पाहिलं आहे. त्या शहरातल्या टर्नर-फिटरांच्या घरी १९६९ साली तेच वाटलं असणार. त्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडवर हात ठेवायचा आहे. कुणी फिनिश केला असेल, कुठल्या यंत्रावर, ते कळणार नाही, पण काम चांगलं आहे की नाही ते बोटाला कळेल.

दुसरं, रिडो कालवा. ओटावापासून किंग्स्टनपर्यंत २०२ किलोमीटर, १८३२ साली खुला झालेला, आता जागतिक वारशाच्या यादीतला. त्यावरच्या बहुतेक लॉकचे, म्हणजे पाण्याची पातळी बदलून होड्या पुढं नेणाऱ्या कप्प्यांचे, दरवाजे आजही माणसं हातानं चक्र फिरवून उघडतात. जवळजवळ दोनशे वर्षांची यंत्रणा, मोटारीशिवाय. शहराच्या कडेलाच किंग्स्टन मिल्स इथं अशी लॉकची रांग आहे. मात्र होड्यांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या सुमारास आटोपतो.

पानांचं म्हणाल तर त्यांची खात्री कुणी देत नाही. ओंटारिओतल्या उद्यानांची मंडळी कुठं किती रंग चढला याचे अहवाल शरदात देतात, पण इतक्या आधी ऑक्टोबरातल्या रात्री किती गार असतील ते कोण सांगणार? सरोवराच्या काठाला पाण्याच्या उबेमुळं रंग थोडा उशिरा चढतो, उत्तरेला फ्रॉन्टेनॅक उद्यानाकडं लवकर. म्हणून लेकीनं पहिला आठवडा उत्तरेला ठेवला आहे आणि दुसरा घराजवळ. वादळी वारा सुटला तर एका रात्रीत सगळं खाली. तसं झालं तर खाली पडलेल्यातून चालू. जन्मभर मायक्रॉनमध्ये मोजून काम केलेल्या मला, हे मोजता येणार नाही याचा त्रास होईल असं बायकोला वाटत होतं. झाला नाही. तिकिटं काढली तेव्हा हात थरथरला तो दुसऱ्या कारणानं. इतकी वर्षं लेक जे एकटीनं पाहत आली, ते आता तीन आठवडे आम्हाला तिच्याबरोबर पाहायला मिळणार होतं.

मुलगा चाकणच्या एका प्लांटमध्ये आहे, त्याला या दिवसांत रजा नाही. सणाआधी गाड्यांची मागणी चढते, तिन्ही शिफ्ट चालतात, तळेगाव चौकातून बाहेर पडायलाच त्याचा तास जातो. तुळशीला पाणी आणि देवापुढं दिवा तो सांभाळेल. १८ तारखेला आम्ही उतरलो की १९ला मंडईतून झेंडू आणायचा आणि खंडेनवमीला भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पूजेला जायचं, हे त्याला लिहून दिलं आहे. जावयाला काल कळवलं की पानं राहिली तर उत्तम, नाही राहिली तरी हरकत नाही, पण पहिल्या शनिवारी, ३ ऑक्टोबरला, आम्हाला किंग्स्टन मिल्सला ने. लॉकवाला हंगाम संपवून घरी जायच्या आधी ते चक्र मला एकदा फिरताना पाहायचं आहे, आणि फिरवू देतात का ते विचारायचं आहे.