न बघता सांगितलेले नाव

गेल्या माघात एका गावच्या सूनबाईंचा मोबाईलवर फोटो आला. परसातल्या वाफ्यात एक काटेरी झाड, शेंड्याला पिवळे फूल. फोटो हलला होता, त्यामुळे फूल म्हणजे नुसता पिवळा ठिपका. खाली विचारले होते, "सर, ही करडई आहे का? ठेवू की उपटू?"

फोटोवरून अंदाज आला होता. तरी मी उत्तर लिहिले नाही. फोन लावला आणि म्हणालो, "ताई, आधी त्याचे एक पान मोडा आणि काय निघते ते मला सांगा."

पलीकडे त्या हसल्या असाव्यात. एवढा साहेब, आणि करडई ओळखायला पान मोडायला सांगतो! पण या ओळखीपायी मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. ती हकीकत आजवर फारशी कोणाला सांगितली नव्हती.

१९९७ सालच्या रब्बीची गोष्ट. बी. एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. नेमणूक सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ज्वारी आणि करडईच्या मुलखात. गावोगाव हिंडायचे, सभा घ्यायच्या, संध्याकाळच्या एस. टी.ने परत यायचे. अशाच एका गावी सभा आटोपून मी फाट्याकडे निघालो होतो. एक आजी वाटेत आडव्या आल्या.

"सायेब, माझ्या परसात येक काटेरी झाड उगवलंय. येक न्हवं, धा-पंधरा हायती. जरा बघता का?"

गाडीची वेळ झाली होती. मी चालता चालताच विचारले, "पानाला काटे आहेत ना? मग करडई असेल. मागच्या सालचं बी पडलं असेल. राहू द्या."

"करडई अशी राखट दिसती व्हय?"

हा प्रश्न ऐकून मी थांबायला हवे होते. साठ-पासष्ट वर्षे करडईच्या रानात काढलेली बाई विचारत होती. पण डोक्यात पदवी होती आणि फाट्यावर गाडी. मी म्हणालो, "भीमा वाण आहे आजी. नवीन वाण जरा वेगळा दिसतो." भीमा करडईचा चांगला वाण, १९८२ साली प्रसारित झालेला. त्याची पाने राखट असतात असे मी कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते. तोंडाला आले ते बोलून मोकळा झालो.

मार्च १९९८ मध्ये पुन्हा त्या गावी जाणे झाले. आजींच्या घरावरून जाताना कुडापलीकडे पिवळीधमक फुले दिसली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तो पिवळा धोत्रा होता. कुठे त्याला बिलायत म्हणतात, कुठे दारुडी, तर कुठे काटेधोत्रा.

नावात धोत्रा असला तरी हा धोतऱ्याच्या कुळातला नव्हे. हा अफूच्या कुळातला. मूळचा मेक्सिकोकडचा. परदेशातून आला आणि आपल्याकडे असा पसरला की आता तो पाहुणा वाटतच नाही. त्याला कोणी 'स्वर्णक्षीरी' असे संस्कृत नाव देऊन जुन्या ग्रंथांतली वनस्पती ठरवतात. पण अमेरिकेतून आलेले झाड आपल्या प्राचीन वैद्यांनी पाहणे शक्य नाही. ग्रंथातली ती वनस्पती दुसरीच असणार. तेव्हा नावावर भुलून कोणी त्याचा काढा-बिढा करू नये. असो.

मी आत गेलो. खाली मान घालूनच म्हणालो, "आजी, ही करडई नव्हे. हे तण आहे. उपटून टाका." आजींनी माझ्याकडे एकवार पाहिले, बोलल्या काही नाहीत. वाफ्यालगत सारवलेल्या जागेवर मोहरीची झाडे वाळत घातली होती. त्यांच्या डोक्यावर धोतऱ्याची बोंडे, त्यांतली खालची काही वाळून टोकाशी उकललेली. हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते. पण माझे लक्ष होते ते लवकर तिथून निसटण्याकडे. मोहरीबद्दल मी एक अक्षरही बोललो नाही.

मग ऑगस्ट १९९८ उजाडला. दिल्लीत माणसांच्या पायांवर सूज येऊ लागल्याच्या, दम लागून माणसे दगावू लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले होते. ६० हून अधिक माणसे गेली, हजारो आजारी पडली. त्या बियांच्या तेलात सँग्विनारिन नावाचे विष असते. ते रोजच्या जेवणातून पोटात गेले की दोन्ही पायांवर सूज येते, बोटाने दाबले तर खळगा पडतो, हृदय दुबळे होते, डोळ्यांतला दाब वाढून दृष्टीही अधू होऊ शकते. तेल कितीही कडकडीत तापवले तरी फोडणीच्या आचेने त्याचा धोका टळतो असे मानू नये.

बातमी वाचली आणि मला आजींचे ते सारवलेले अंगण दिसले. उकललेली बोंडे आणि खाली वाळणारी मोहरी.

त्या रात्री झोप लागली नाही. दिल्लीतल्या माणसांच्या पोटात रोज तेल गेले होते, इथे फार तर फोडणीत चार बिया गेल्या असतील, अशी मनाची समजूत घालून पाहिली. हिशेब बरोबर होता. पण त्या चारच होत्या हे मला कोणी सांगितले होते? एका बोंडात तीनशे-चारशे बिया निघू शकतात. सकाळी पहिल्या गाडीने निघालो.

आजी ओट्यावर बसल्या होत्या. मी आधी त्यांच्या पायांकडे पाहिले. सूज नव्हती. घरातल्या सगळ्यांची विचारपूस केली. कोणाला काही झाले नव्हते. मग विचारले, "आजी, यंदाची मोहरी कुठाय?"

"हाय की डब्यात. निम्मी लोणच्याला गेली."

माझा चेहरा पाहून त्या उठल्या. आत जाऊन फडक्याची एक पुरचुंडी घेऊन आल्या आणि माझ्यापुढे सोडली. आत मूठभर काळपट बिया.

"ही तुमची करडई. तुमाला दावायची म्हणून ठिवलीया."

झाले होते ते असे. लोणच्यासाठी मोहरी काढली तेव्हा आजींच्या बोटांना ती खरखरीत लागली. पाखडून पाहिली, पण दोन्ही बिया आकाराने सारख्या, सुपाला त्या वेगळ्या निघेनात. मग पितळी परातीत थोडी थोडी पसरून नातीला बसवले. आजींची नजर अधू. पण नातीचे डोळे चांगले. मोहरी गुळगुळीत आणि तुकतुकीत, ही बी मळकट आणि तिच्यावर जाळीसारखी बारीक नक्षी. पोरीने तीन दुपारी बसून वेचली.

"काय बी हाय ते ठाऊक न्हवतं," आजी म्हणाल्या, "पर मोहरी न्हाई एवढं ठाऊक हुतं."

तरीही डब्यातली उरलेली मोहरी मी टाकायला लावली. वेचून वेचून एकूण एक बी निघाली याची खात्री कोण देणार? आजींच्या जिवावर आले. घरचे धान्य टाकणे कोणाला आवडते? "कोंबड्यांस्नी घालते," म्हणाल्या. मी तेही करू दिले नाही, कारण कोंबड्यांनाही ती बी बाधते. उकिरड्यावर टाकायचीही सोय नव्हती. खताबरोबर रानात जाऊन पुन्हा तेच पीक उभे राहिले असते. शेवटी परसाच्या कोपऱ्यात वाळल्या काटक्यांवर जाळली. मोहरी तडतडत होती आणि आजी तोंड फिरवून उभ्या होत्या. बाजारातून दुसरी मोहरी आणून देतो म्हणालो, तर त्यांनी ऐकून घेतले नाही.

पुरचुंडी मात्र मी मागून घेतली. त्या बिया एका काचेच्या बाटलीत आजही माझ्याजवळ आहेत. प्रशिक्षण वर्गाला जाताना ती बाटली आणि मूठभर मोहरी बरोबर नेतो, आणि दोन्ही आधी बायकांच्या हातात देतो.

आता ही ओळख तुम्हालाही परसात उभे राहून करून घेता येईल. पावसाळा सरल्यावर, थंडी पडू लागली की पिवळा धोत्रा उगवतो. लहानपणी जमिनीलगत पानांचा गोल फेर असतो. खरी फसगत होते ती याच वेळी. पान कातरलेले, कडांना काटे, रंग निळसर राखट आणि शिरांवर पांढरे पट्टे, जणू कोणी चुन्याचे बोट ओढले आहे. करडईचे कोवळे पान हिरवे असते, त्यावर असे पट्टे नसतात, आणि कोवळेपणी काटे इतके बोचतही नाहीत. म्हणून तर आपण तिची भाजी करतो. फुलावर येईपर्यंत थांबलात तर ओळख सोपी. धोतऱ्याचे फूल कागदासारख्या पातळ, सुट्या पाकळ्यांचे, चार ते सहा. करडईचे फूल म्हणजे बारीक पाकळ्यांचा झुबका, आणि सुकताना तो केशरी होतो. पण तोवर थांबूच नये. पान मोडावे. पिवळा चीक आला की तो पिवळा धोत्रा. पाथरीसारख्या तणांनाही पिवळे फूल येते, पण त्यांचा चीक दुधासारखा पांढरा. करडईला चीकच नाही. सराट्याचे फूलही पिवळेच, पण तो जमिनीवर पसरतो आणि त्याचे काटे फळाला असतात, पानाला नाहीत. बैलाच्या खुराला नि सायकलच्या ट्यूबला तो चांगला ठाऊक आहे.

हे झाड उपटायचे ते फुलण्याआधी. हाताला जाड फडके गुंडाळावे, खुरप्याने सोटमूळ जरा खोल तोडावे. जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे बांधावर, पाटाच्या कडेला, उकिरड्याशेजारी ते निवांत वाढते आणि तिथून वाफ्यात येते. बोंडे धरली असतील तर झाड हलवू नये; बोंडे हलकेच कापून पिशवीत घ्यावी आणि जाळावी. एकदा बी सांडले की ते मातीत अनेक वर्षे टिकते. यंदा वाफा स्वच्छ केला म्हणून पुढच्या साली गाफील राहता येत नाही. आणि जिथे हे झाड बी धरून उभे होते त्या जागी मोहरी, राळे असले बारीक धान्य वाळत घालू नये, झोडपू नये. आजींच्या घरी बी मिसळले ते पिकात नव्हे, अंगणात.

सूनबाईंच्या फोनचे सांगायचे राहिलेच. पाच मिनिटांनी त्यांचा आवाज आला, "सर, पिवळा चीक निघाला. हळदीसारखा. बोटाला डागच पडला."

"हात धुवा, डोळ्यांना लावू नका. शेजारच्या वाफ्यात काय आहे?"

"मेथी काढली. आता मोहरी आहे, वाळायला आली आहे."

"बोंडे धरलीत का त्याला?"

त्या बघायला गेल्या. मी फोन कानाला लावून थांबलो.

"सर, धरलीत. एक फुटलंय."

त्यांना म्हटले, कशाला हात लावू नका, लेकराबाळांना तिकडे फिरकू देऊ नका. दुपारच्या बैठकीला येत नसल्याचे कळवले, टेबलावरची बाटली पिशवीत घातली आणि निघालो.