हे काम

व्हरांड्याच्या कोपऱ्यात गांधीलमाशीनं पोळं केलं. आधी लिंबाएवढं, मग तळहाताएवढं. लाकूड कुरतडून, थुंकीत मळून ती कागदासारखं घर बांधते. अमरावतीतलं हे घर मीही निवृत्तीनंतर असंच थोडंथोडं जमवून बांधलं. म्हणून झाडू उचलवेना.

शेजारी आले. शिकलेले, स्वभावानं चांगले. चहा पिता पिता वर पाहून म्हणाले, "भाऊ, तुमच्यातला एखादा मानूस पाहा ना. तुमच्या लोकायले जमते हे काम."

माशी चावलीच नाही, तरी डंख बसला.

हे काम माझ्या आबाचं होतं. मूर्तिजापूर तालुक्यातलं गाव. पाटलाच्या वाड्यामागं वड, वडाला आग्या मोहोळ. मोहोळाचा त्रास झाला की महारपुऱ्यात हाक यायची. आबा अंधारी रात्र पाहून जायचा. काळोखात माशी फारशी उडत नाही, धूर दिला की मध पीत बसते, हे त्याला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. शाळाच नव्हती. अंगावर ओलं पोतं, हातात पेटती गोवरी अन् कडुनिंबाचा पाला. एक माशी चावली की तिच्या डंखाचा वास बाकीच्यांना बोलावतो. फांदीवरचा माणूस पळणार कुठं?

मग आजी चुलीच्या उजेडात त्याचे काटे काढत बसायची. काटा अंगात राहिला की विष सोडतच राहतो, म्हणून घाई. बाप हे सांगताना स्वतःची पाठ खाजवायचा.

मध वाड्यात जायचा. आबाच्या वाट्याला पिळलेलं पोळं अन् सुजलेलं तोंड. आबाच्या सावलीचा विटाळ व्हायचा, त्याच्या हातच्या मधाचा नाही. देवाच्या पंचामृतात तोच मध. मधाला देवळाचं दार उघडं, मध काढणाऱ्याला बंद. याच अमरावतीत अंबादेवीच्या दारासाठी १९२७ साली आपल्या लोकांना सत्याग्रहाला उभं राहावं लागलं. त्या नोव्हेंबरात बाबासाहेब इथल्या परिषदेचे अध्यक्ष होते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आबा नागपूरला होता. मूर्तिजापूरहून गाडीत बसून गेला अन् दीक्षा घेऊन आला. पुढच्या साली वाड्यातून हाक आली तेव्हा ओट्यावरून उठलाही नाही. म्हणाला, "मव्हाळ तुमचं, वड तुमचा. आता हातबी तुमचेच लावा."

त्या सालच्या कापूसवेचणीला आमच्या घरच्या कोणाला बोलावणं आलं नाही. बाप अकोल्याला जिनात लागला. मधमाशी एकदा डंख मारते अन् मरते. आबानं एकदा नाही म्हटलं अन् आम्ही जगलो.

शेजाऱ्यांना यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "शिडी हाये घरात. मी धरतो. चढा तुमी."

ते हसले. कप ठेवला. गेले.

पोळं अजून आहे. दारापासून लांब आहे, त्याच्या खालून जाताना आम्ही हात हलवत नाही. अंगणातल्या लिंबाच्या झाडावरची अळी ती माशी उचलून नेते, आपल्या पिल्लांना चारते. काल नातू विचारत होता, "आबा, थे चावत नाई का?"

म्हटलं, "छेडलं त चावते."