कागदावरचें माप

घराचा नकाशा संगणकावर काढला म्हणजे काम झालें, कागदावर उतरविणें ही काय मोठीशी गोष्ट, अशी पुष्कळांची समजूत असते. गेल्या सुटींत आम्हां भावंडांस मामांच्या नकाशे छापण्याच्या दुकानांत कांहीं दिवस राहावयास मिळालें, तेव्हां ह्या दोहोंतील अंतर आमच्या ध्यानीं आलें.

१९८२ सालीं निघालेल्या ऑटोकॅडसारख्या साधनानें काढलेला नकाशा हें वस्तुतः चित्र नव्हेच. त्याच्या डीडब्ल्यूजी फाइलींत अमक्या बिंदूपासून तमक्या बिंदूपर्यंत रेषा ओढावी, अशा आज्ञा असतात. म्हणून ती रेषा कितीही वाढविली तरी फुटत नाहीं. तोच नकाशा फोटोप्रमाणें ठिपक्यांचा करावयाचा, तर ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटरच्या ए-झीरो कागदास, इंचास ३०० ठिपके धरल्यास, सुमारें १४ कोटि ठिपके लागतील. गिऱ्हाइकें मात्र खुशाल पडद्याचा फोटो पाठवितात आणि छपाई स्वच्छ मागतात!

मूळ फाइल आली तरी सारें आलें असें नाहीं. पडद्यावर भिंती पिवळ्या, फरशी लाल. कोणत्या रंगाची रेषा किती जाड उमटावी ह्याची यादी बहुधा निराळ्या फाइलींत असते. ती बरोबर नसली तर भिंत व फरशी सारख्याच रेषांनीं उमटतात. मग गवंड्यानें ओळखावें कसें? एकदां तर एका नकाशांतील ‘देवघर’, ‘माजघर’ हीं नांवें नुसतीं प्रश्नचिन्हें होऊन उतरलीं, कारण तो फाँट मामांच्या संगणकांत नव्हता. म्हणून मामा नकाशा काढणारांकडूनच पीडीएफ करून मागतात. १९९३ सालीं निघालेल्या ह्या प्रकारांत रेषा रेषाच राहते, आणि अक्षरांचे ठसे फाइलीच्या पोटांतच घालून देतां येतात.

सर्वांत फसवें तें माप. एके दिवशीं एक वृद्ध मिस्त्री दुसरीकडे छापलेला नकाशा घेऊन आले. प्रमाण १ मीटरास १ सेंटिमीटर. परंतु ३ मीटरांच्या खोलीवर पट्टी ठेवली तर ३० मिलिमीटर भरेनात, २९ च भरले. छापतांना कोणीं ‘पानांत बसवा’ ही आज्ञा दिली होती. तिनें सारा नकाशा शेंकडा ३ नें आंखडला. डोळ्यांस कांहीं वावगें दिसत नव्हतें, पण खोली ९ सेंटिमीटरांनीं लहान झाली होती.

“लिहिलेलें माप खरें धरावें, मिस्त्री,” मामा म्हणाले.

“तें खरें, मालक. पण खिडकीची जागा लिहिलेलीच नाहीं. ती आम्ही पट्टीनेंच काढणार ना? आणि जन्मभर परक्यांचीं घरें बांधलीं, हें माझें स्वतःचें आहे.”

मामांनीं पीडीएफ मागवून घेतली, आकार शंभर टक्के ठेवून नकाशा पुन्हां छापला, व पट्टी मिस्त्रींच्याच हातीं दिली. त्यांनीं दोनदां मोजून पाहिलें. बरोबर ३०. मग घरच्यांस दाखविण्यासाठीं आणखी एक प्रत मागून घेतली.