पंधरा यार्डांचा रुमाल

आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकला की जागा आपली होते. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर नेमकं उलटं. तिथे रुमाल पडला की हातची जागा जाते. सहसा पाच यार्ड, दहा यार्ड, फार झालं तर पंधरा.

रंगाने पिवळाधमक. मैदानावरच्या सातही पंचांच्या कंबरेला एकेक खोचलेला. आत थोडं वजन बांधलेलं, म्हणजे वाऱ्यावर भरकटत न जाता टाकला तिथेच पडावा. खेळ चालू असताना कुणी कुणाला नको तिथे धरलं, पाडलं, मारलं की पंचाचा हात कंबरेकडे जातो आणि हा हवेत उडतो. उडतो, पडतो आणि गप्प पडून राहतो. बहुतेक वेळा त्याच्या पडण्याने खेळ थांबतही नाही. दीडदीडशे किलोची माणसं त्याला तुडवून पुढे पळतात. चेंडू थांबला की मात्र अख्खं स्टेडियम त्या चिंधीकडे वळतं. टीव्हीवरचे समालोचक म्हणतात, मैदानावर धुणं पडलंय.

धुणं म्हणतात त्यात तथ्य आहे. याचा जन्म घरातल्या जुन्या कपड्यांतूनच झाला. ओहायोतल्या यंग्सटाउन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांना पंचांच्या हॉर्नचा वैताग आला होता. प्रत्येक चुकीला भोंगा. त्यांच्या पत्नीने, अर्माबाईंनी, मुलीच्या हॅलोविनच्या पोशाखातलं लाल कापड आणि जुन्या चादरीचा पांढरा तुकडा जोडून, टोकाला वजन शिवून रुमाल तयार केले, आणि १७ ऑक्टोबर १९४१ च्या सामन्यात ते पहिल्यांदा उडाले. म्हणजे स्वारी गोधडीच्या घराण्यातली. व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, एनएफएलमध्ये, ती १९४८ साली दाखल झाली. बरीच वर्षं पांढरी राहिली आणि १९६५ पासून पिवळी झाली. दूरचे नातेवाईकही आहेत. चेंडू सुटला ती जागा दाखवायला पंच टाकतात ती निळी पिशवी, आणि पंचांचा निर्णय पटला नाही की प्रशिक्षक खिशातून काढून फेकतो तो लाल भाऊ. लाल भाऊ तक्रारखोर आहे. पिवळा तसा नाही. तो सांगितलं तेवढंच करतो.

त्याची खरी अडचण शब्दसंग्रहाची. त्याला जवळजवळ तीनच आकडे येतात. वेळेआधी हललात, पाच. हाताने धरून ठेवलंत, दहा. मारलंत, पंधरा. शिट्टीनंतर दिलेला रागाचा धक्का असो की पडलेल्या माणसाच्या मानेवर टाकलेलं सगळं अंग असो, मोजपट्टी पंधराला थांबते. गोलरेषा जवळ असेल तर तेवढेही नाहीत. उरलेल्या अंतराच्या निम्मे. फारच झालं तर पंच खेळाडूला बाहेर काढतात, पण तो पंचांचा अधिकार. रुमालाच्या गाठीला आपले तेच पंधरा. मला त्याच्या या मठ्ठपणाबद्दल आदर आहे. निदान तो सगळ्यांशी सारखा मठ्ठ आहे.

कारण त्याला उचलून कंबरेला परत खोचलं की प्रकरण न्यूयॉर्कला, पार्क अव्हेन्यूवरच्या लीगच्या कचेरीत जातं. तिथे आकड्यांचा तुटवडा नाही.

हेल्मेटचंच घ्या. ऑगस्ट २०१३ मध्ये ह्यूस्टनच्या अँटोनियो स्मिथने मायामीच्या रिची इन्कॉग्निटोचं हेल्मेट उपटलं आणि त्याच्यावरच फिरवलं. नेम चुकला. शिक्षा: मोसमाआधीचे उरलेले दोन सराव सामने आणि खऱ्या मोसमातला एक. १४ नोव्हेंबर २०१९ ला क्लीव्हलंडमध्ये सामना संपायला काही सेकंद उरले असताना माइल्स गॅरेटने पिट्सबर्गच्या मेसन रुडॉल्फचं हेल्मेट उपटलं आणि त्याच्या उघड्या डोक्यात घातलं. या वेळी नेम लागला. शिक्षा: बेमुदत; प्रत्यक्षात मोसमातले उरलेले सहा सामने. फेब्रुवारीत त्याला परत घेतलं, आणि त्याच जुलैत त्याने पाच वर्षांचा साडेबारा कोटी डॉलरचा करार केला. ऑगस्ट २०२२ मध्ये लॉस एंजेलिसचा ॲरन डोनाल्ड सिनसिनाटीत दोन संघांच्या एकत्र सरावात एक नव्हे, दोन हेल्मेटं हातात घेऊन फिरवताना चित्रफितीत दिसला. लीगने सांगितलं, सराव हा ज्याच्या त्याच्या संघाचा मामला. शिक्षा: काही नाही.

पहिल्या दोघांतला फरक एकवेळ समजू शकतो. लागलं आणि चुकलं यात कायदाही भेद करतो. पण तिसऱ्याच्या हातातली हेल्मेटं काही कापसाची नव्हती. त्या दिवशी गुणफलक चालू नव्हता, तिकिटं फाडलेली नव्हती, एवढंच.

डिसेंबर २०१७ चे दोन दिवस तर रुमालाने कुलपात जपून ठेवावेत असे आहेत. रविवार, ३ तारीख. न्यू इंग्लंडचा धिप्पाड रॉब ग्रॉन्कोव्स्की बफेलोच्या ट्रेडेव्हियस व्हाइटवर चिडला. व्हाइटने चेंडू पळवला होता आणि तो सीमारेषेजवळ पालथा पडला होता, खेळ संपलेला. ग्रॉन्कोव्स्कीने धावत येऊन कोपर पुढे धरत सगळं अंग त्याच्या डोक्यावर टाकलं. रुमाल पडला. पंधरा यार्ड. ग्रॉन्कोव्स्की खेळत राहिला. व्हाइटच्या मेंदूला मार बसला. दुसऱ्या रात्री सिनसिनाटी आणि पिट्सबर्ग. जूजू स्मिथ-शूस्टर या एकवीस वर्षांच्या नव्या पोराने व्हॉन्टेझ बर्फिक्टला न दिसणाऱ्या बाजूने जबर धडक दिली आणि पडलेल्याच्या अंगावर उभा राहून मिरवला. बर्फिक्टला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्याच सामन्यात जॉर्ज आयलोकाने चेंडू झेलणाऱ्या अँटोनियो ब्राउनच्या डोक्यावर हेल्मेट आदळलं. पुन्हा रुमाल, पुन्हा पंधरा.

मग न्यूयॉर्कहून पत्रं निघाली. त्यांवर सही जॉन रनियनची. हा गृहस्थ स्वतः पुढच्या फळीत अनेक वर्षं खेळलेला, आणि खेळत असताना त्याची ख्याती काही मऊ स्वभावाची नव्हती. तिघांनाही एकेक सामना बंदी. खेळ संपल्यावर पडलेल्याला मारणारा, खेळ चालू असताना आडवा येणारा आणि चेंडूवर झेपावताना डोक्याला लागणारा, तिघांची किंमत एक. तिघांनी अपील केलं. अपील ऐकायला माजी खेळाडूच नेमलेले असतात. दोघांची बंदी कायम राहिली. आयलोकाची उठली आणि तिच्या जागी दंड आला, ३६,४६४ डॉलर ५० सेंट. पन्नास सेंटसुद्धा. किराणा दुकानदाराच्या चोख हिशेबाची आठवण यावी असा आकडा, आणि तो ज्या मूळ शिक्षेतून निघाला ती एवढी ढोबळ!

त्यातून एक सामना म्हणजे सगळ्यांना सारखा एक सामना नसतोच. पगार आठवड्याच्या हप्त्यांनी मिळतो, तेव्हा बड्या खेळाडूची एक खेप लाखो डॉलरची आणि नव्या पोराची काही हजारांची.

मैदानावरच्या धडकेसाठी या लीगमध्ये सगळ्यात कठोर हात पडला तो त्याच बर्फिक्टवर. २०१९ च्या सप्टेंबरअखेर त्याने इंडियानापोलिसच्या जॅक डॉइलला हेल्मेटने मारलं आणि उरलेल्या मोसमाचे बाराही सामने गेले. धडक वाईट होती. पण त्याहून वाईट धडकांना दंडाच्या पावत्या गेल्या आहेत. बर्फिक्टला शिक्षा धडकेची कमी आणि नावाची जास्त झाली. गावातल्या ज्या पोरावर आधीच चोरीचा आळ असतो, त्याच्याच घरी पोलीस पहिल्यांदा जातात, तसं.

आणि कधी रुमाल कंबरेलाच राहतो. १२ ऑगस्ट १९७८, ओकलंड, मोसमाआधीचा सराव सामना. जॅक टेटमची धडक बसली आणि डॅरिल स्टिंगलीचे हातपाय कायमचे गेले. रुमाल उडाला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत त्यात गैर काही नव्हतं. चाळीस वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये, नियम सगळे होते. लीगच्या अंतिम सामन्याला, सुपर बोलला, कोण जाणार ते ठरवणारा सामना, शेवटची दोन मिनिटं. चेंडू पोचायच्या आत निकेल रोबी-कोलमनने टॉमीली लुइसला उडवलं. सगळ्या देशाला दिसलं, पंचांना नाही. न्यू ऑर्लिन्स हरलं. काही दिवसांनी लीगने रोबी-कोलमनला हेल्मेट लावल्याबद्दल २६,७३९ डॉलरचा दंड केला. म्हणजे जो गुन्हा मैदानावर घडलाच नव्हता, त्याची पावती मात्र रीतसर फाटली.

रुमाल जिथे पोचूच शकत नाही अशी एक जागा म्हणजे लिफ्ट. फेब्रुवारी २०१४, अटलांटिक सिटीतलं एक हॉटेल. बाल्टिमोरच्या रे राइसने होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये इतकं मारलं की ती शुद्ध हरपून पडली, आणि त्याने तिला ओढत बाहेर काढलं. ओढत काढतानाची चित्रफीत त्याच महिन्यात सगळ्यांनी पाहिली होती. जुलैत लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी शिक्षा दिली: दोन सामने. त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलंडच्या जॉश गॉर्डनला गांजासाठी अख्खा मोसम बाहेर बसवलं होतं. ती शिक्षा नंतर दहा सामन्यांवर आली. ओरड झाली, तेव्हा ऑगस्टमध्ये गुडेल यांनी चूक कबूल केली आणि यापुढे अशा गुन्ह्याला सहा सामने असा नियम आला. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतली चित्रफीत बाहेर पडली आणि त्याच दिवशी राइसला बेमुदत बंदी. नोव्हेंबरात निवृत्त न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती उठवली: एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा कशी? गुन्हा तोच होता. कॅमेरा तेवढा आत गेला होता. दोन वर्षांनी न्यूयॉर्क जायंट्सच्या एका किकरला, बायकोला मारल्याच्या प्रकरणात, सहाचा नियम असतानाही एकच सामना मिळाला. चेंडूतली हवा कमी केल्याच्या संशयावरून न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीला मिळाले चार.

एवढं सगळं ऐकून रुमाल निर्दोष आहे असं वाटेल. नाही. एकदा त्याने स्वतःच एका माणसाला जायबंदी केलं आहे.

१९ डिसेंबर १९९९, क्लीव्हलंड. कुणीतरी वेळेआधी हललं होतं. पाच यार्डांचा किरकोळ मामला, रोजचाच. मुख्य पंच जेफ ट्रिप्लेट यांनी रुमाल फेकला. त्या काळी त्याच्या पोटात एअरगनचे छर्रे भरायची पद्धत होती. तो गेला तो थेट क्लीव्हलंडच्याच ओर्लँडो ब्राउनच्या हेल्मेटच्या जाळीतून उजव्या डोळ्यात. सहा फूट सात इंचांचा, दीडशे किलोच्या वरचा हा माणूस डोळा धरून मैदानाबाहेर चालू लागला. ब्राउनच्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली होती. डोळा म्हटलं की या घरात काय भीती होती, ते मैदानावर कुणाला कळायचं कारण नव्हतं. अर्ध्यातून तो परत फिरला, पंचांकडे गेला आणि त्यांना दोन्ही हातांनी ढकलून पाडलं.

पंचाला हात लावणं हे पाप, यात वाद नाही. लीगने त्याला बेमुदत बंद केलं. सात वर्षांनी, २००६ मध्ये, अल्बर्ट हेन्सवर्थने खाली पडलेल्या, हेल्मेट निघालेल्या आंद्रे गुरोडच्या डोक्यावर बुटाने पाय दिला. तीस टाके पडले. त्याला मिळाले पाच सामने, आणि खेळाडूने खेळाडूला मारल्याबद्दलची तोवरची ती सर्वांत मोठी शिक्षा होती. त्याआधीचा विक्रम दोनचा होता.

ब्राउनची बंदी पुढे उठली, पण तोवर डोळा खेळण्यासारखा राहिला नव्हता. तीन मोसम तो घरी बसला. त्याने लीगवर वीस कोटी डॉलरचा दावा लावला; तो २००२ मध्ये आपसात मिटला. २००३ मध्ये तो बाल्टिमोरकडून पुन्हा मैदानात उतरला आणि २०११ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, मधुमेहाने गेला. त्या प्रकरणानंतर रुमालात छर्रे भरणं मागे पडलं. आता वाळू असते, नाहीतर कडधान्य.

ब्राउनचा मुलगा, नावही ओर्लँडो ब्राउनच, बापाच्याच कामाला लागला आहे: पुढच्या फळीत, टॅकल. २०२३ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकणाऱ्या कॅन्सस सिटीच्या संघात तो होता. टॅकलचं काम असं की समोरचा कधी उसळेल याच्या अंदाजात पाय शिवशिवतात, आणि पापणी लवायच्या आत आपणच आधी हललेलो असतो. पाच यार्ड. त्याच्या आसपास कुठेतरी पिवळं काही उडतं, धप्पकन गवतावर पडतं, पंच येऊन उचलतात आणि परत कंबरेला खोचतात.